पाण्याकडची बाजू

“चिली व्हय? ती तर बहिणीची वाटणी हाय.”

हे वाक्य खिडकीबाहेरून आलं तेव्हा मी नोकरीच्या पहिल्या दिवशी, पहिल्याच अर्जावरचा गट नंबर टाइप करत होते. माझी बोटं तशीच थांबली. भूमसारख्या तालुक्याच्या गावात, जमीन मोजणीच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात, कुणीतरी बाई चिलीबद्दल बोलत होती. मी धाराशिवच्या इंग्रजी शाळेत शिकले. दक्षिण अमेरिकेचा कोरा नकाशा भरायला दिला की मला पैकीच्या पैकी गुण मिळायचे. चिली लांब आणि अरुंद देश आहे, त्याच्या एका बाजूला पर्वत आणि दुसऱ्या बाजूला महासागर आहे, एवढं मला पाठ होतं. तो कुणाच्या वाटणीला आला, हे पुस्तकात कुठेच नव्हतं.

मी मान उंच करून बाहेर पाहिलं. बाकड्यावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. उघड्या दारातून त्यांना आत लावलेला जगाचा नकाशा दिसत होता. दाराची फळी फुटली होती, ती झाकायला कुणीतरी कुठल्याशा क्लासनं वाटलेला नकाशा तिथं चिकटवला होता. “हे सापावानी लांबडं काय हाय?” असं त्यांनी विचारलं असणार. उत्तर देणारी बाई दाराला टेकून उभी होती. उंच, काटक, सरकारी निळी साडी, हातात तिच्याहूनही उंच बांबू आणि बांबूच्या टोकाला लाल-पांढऱ्या कापडाचा झेंडा.

त्या गोदाक्का. कार्यालयातल्या शिपाई. त्यांचे यजमान ह्याच खात्यात शिपाई होते. ते गेल्यावर आक्कांना त्यांच्या जागी घेतलं, तेव्हापासून तो बांबू त्यांच्या हातात होता. आधी साखळी ओढत मोजणी व्हायची, मग टेबलावरची यंत्रं आली, आता उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र आहे. आक्का आणि बांबू तेवढे बदलले नाहीत.

मी कंत्राटी ऑपरेटर. अर्ज भरायचे, जुने नकाशे स्कॅन करायचे, आणि मोजणीच्या दिवशी यंत्र घेऊन शिंदे सरांबरोबर शेतात जायचं. मी फार बोलत नाही. घरीदारी माझं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘बरं’. आक्कांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर चहा ठेवला आणि मी “थँक यू” म्हणाले. त्या जाता जाता थांबल्या.

“पोरी, तुला मराठी येती न्हवं?”

“येते.”

“मग साठवून ठिवलीय व्हय?”

त्या मोठ्यानं हसल्या आणि निघून गेल्या. पुढे आमची जी काही मैत्री झाली, ती अशीच. त्या बोलायच्या, मी ऐकायची, आणि प्रत्येक वेळी मला कसला ना कसला धक्का बसायचा.

शेतात त्यांच्यामागून चालताना पहिला बसला. हद्दीचा दगड शोधायला शिंदे सर यंत्राच्या पडद्याकडे बघत. आक्का बाभळीच्या काट्यांत बांबू खुपसून कान देत. मातीचा आवाज वेगळा, दगडाचा वेगळा. “हाय हितंच. तोंड झाकून बसलाय,” असं म्हणून त्या बोट दाखवत, आणि खणलं की दगड निघे. यंत्र त्याच जागी यायला पाच मिनिटं घ्यायचं. शिंदे सर यंत्राला दोष देत नसत, आक्कांनाही शाबासकी देत नसत. त्यांना त्याची सवय झाली होती. मला नव्हती.

दुसरा धक्का पाण्याचा. कुठल्याही शेतात गेलो की आक्का आधी त्या रानातल्या विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी मागत. ओंजळीत घेत, एक घोट तोंडात धरून डोळे मिटत, आणि मग निकाल देत. “गोड.” “मचूळ.” “खारं, पर ज्वारीला चालंल.” त्याशिवाय झेंडा रोवत नसत. मी शाळेपासून पाण्याची बाटली बरोबर बाळगणारी मुलगी. शेवाळलेल्या विहिरीचं पाणी त्या पिऊ लागल्या की मी तोंड फिरवायची.

एकदा धीर करून विचारलं, “आक्का, मोजणीला चव कशाला लागते?”

“मोजणीला न्हाय लागत,” त्या तोंड पुसत म्हणाल्या. “सहीला लागती. कागदावर रान निसतं एकर-गुंठे असतंय. चव कागदावर लिवत न्हाईत.”

मला ते काही समजलं नाही. मी ‘बरं’ म्हणाले.

नकाशा त्या शेतासारखाच वाचत. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती. मराठीसुद्धा त्या बोट ठेवून, अडखळत वाचायच्या. पण रेघा वाचता यायच्या. दुपारी जेवण झालं की नकाशासमोर उभ्या राहत. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नाही, भाकरीसुद्धा हातावर घेऊन उभ्यानंच खायच्या. एकदा त्यांनी आफ्रिकेवर बोट ठेवलं, जिथे दोन देशांची हद्द पट्टीनं आखल्यासारखी सरळ जाते.

“हितं मोजणीदार रानात उतरलाच न्हाय. हापिसात बसून आखली.”

मी चकित होऊन पाहत राहिले. शाळेत आम्हाला हेच शिकवायला बाईंना दोन तास लागले होते.

“आन् ही बघ वाकडीतिकडी. हितं माणसं बांधावर उभी राहून भांडल्यात. वाकडी रेघ खरी असती, पोरी. सरळ रेघंत कुणीतरी फसलेलं असतंय.”

चिलीची पूर्ण गोष्ट मात्र मी ऐकली ती एका बांधावर, आणि त्या दिवशी ती ऐकली नसती तर कुणाचं तरी डोकं फुटलं असतं.

भूमपासून थोड्या अंतरावरचं रान. दोन भाऊ, मधे सामाईक बांध, बांधावर लिंबाचं झाड. झाड कुणाचं, यावरून बोलणं वाढलं आणि थोरल्यानं वाकून दगड उचलला. शिंदे सर दोन पावलं मागे सरले. मी यंत्राची तिपाई छातीशी धरून उभी राहिले. मारामारी मी तोवर फक्त पडद्यावर पाहिली होती.

आक्का शांतपणे गेल्या आणि दोघांच्या मधोमध, बांधावर बसल्या. मांडी घालून, फडक्यातली भाकरी सोडून.

“मारा की. पर आधी चिलीचा निकाल लागू द्या.”

“कशाचा?” थोरला दगडासकट थांबला.

“चिली. देश हाय एक. एक म्हातारा व्हता. त्याला लई जमीन. एवढी, की एका कोपऱ्यात घाम आन् दुसऱ्या कोपऱ्यात बर्फ. दोन ल्योक, एक लेक. म्हातारा गेला. तेरावं झालं आन् चौदाव्या दिशी दोघं भाव मोजणीचा अर्ज घिऊन हापिसात.”

“चौदाव्याच दिशी?” धाकट्यानं तोंड वाकडं केलं.

“तुमी कितव्या दिशी आलता?”

धाकटा लिंबाच्या शेंड्याकडे बघू लागला.

“थोरल्यानं ब्राझील घेतलं. कामून? तर थोरल्याचा मान. धाकटा म्हणला, माझ्याकडं जनावरं लई, मला चराई पायजे. त्याला अर्जेंटिना दिलं. कागद झाला, पेढे वाटले. आन् मग यष्टी आली.”

“कसली यष्टी?”

“बहिणीची. पंचमीला माह्याराला निघाली व्हती. उशिरा पोचली, आपल्या भूमच्या गाडीवानी. बघती तर दारात पेढ्याचा पुडा. म्हणली, कशाचं गं बाय? भाव म्हणले, आगं, तुलाच इचारणार व्हतो.”

शिंदे सरांना हसू आलं. आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“बहीण गरीब. म्हणली, दादा, मला लई नको. पाण्याकडची बाजू तेवढी द्या. आता तुमी सांगा, आपल्या हिकडं पाण्याकडची बाजू कुणी कुणाला दिलीय?”

“कुणी न्हाय,” दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

“पर त्यांनी दिली! एकामेकाकडं बघितलं आन् म्हणले, घे. वरच्या टोकापासनं खालच्या टोकापतुर सगळी पाण्याकडची बाजू तुझी. बहिणीच्या डोळ्याला धार. भाव असावं तर असं. तिनं तिथंच दोघांना ओवाळलं. दोघांनी मिळून तिला एक लुगडं नेसवलं. ती तिकडं गेली न गेली, हिकडं भावांनी मधी बांध घातला. कसला बांध! ढगाला टेकलेला, वर बर्फ. तर म्हणले, बहिणीची गुरं हिकडं येतील.”

“मग?”

“मग काय. बहीण पाण्याकडं गेली. नजर पोचंल तिथपतुर पाणी. वाकली, ओंजळ भरली, तोंडाला लावली... थू!”

त्या खरोखर थुंकल्या. थोरला उडी मारून बाजूला झाला आणि त्याच्या हातातला दगड खाली पडला.

“खारं निघालं?”

“समिंदर व्हता त्यो, येड्या! तिला काय मालूम? तिनं समिंदर बघितलाय कुठं? पाणी म्हणलं की हीर. आपल्यातल्या कुणीबी तेच मागितलं असतं. तशी धावत आली, बांधाखाली उभी राहून वरडली, दादा, पाणी खारं हाय! तर पलीकडनं दादा म्हणतोय, तू पाणी मागितलंस, चव कुठं सांगितलीस?”

दोघंही भाऊ हसत सुटले. हसता हसता धाकटा त्याच लिंबाला टेकला आणि थोरला खाली बसला. शिंदे सरांनी तेवढ्यात खुणेचा दगड रोवून घेतला. झाडाच्या खाली त्या भावांची बहीण, माहेरपणाला आलेली, सगळ्यांसाठी चहा गाळत होती. ती एकटी हसली नाही. पहिला कप तिनं आक्कांना दिला, भावांच्या आधी.

परतताना जीपमध्ये मी बराच वेळ शब्द जुळवत होते. दुसऱ्याच्या गोष्टीत आपण काही घालावं की नाही, ह्याचीच भीती वाटत होती. शेवटी म्हणाले, “आक्का, चिलीत जमिनीखाली तांबं निघतं. खूप.”

आक्का सबंध वळल्या.

“कुणाच्या वाटणीत?”

“बहिणीच्या.”

“खरं?”

“हो. शाळेत होतं. आणि वरच्या भागात पाऊसच पडत नाही.”

“म्हंजे आपल्यासारखंच की!” त्यांनी गुडघ्यावर अशी थाप मारली की ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला. “तांबं! आन् मला आजपतुर कुणी सांगितलं न्हाय!”

दुसऱ्या दिवसापासून गोष्टीचा शेवट बदलला. बहीण रडत बसली नाही. तिनं खाऱ्या पाण्यातले मासे धरले, उताराला द्राक्षं लावली, आणि चूल मांडायला खड्डा घेतला तर खाली तांबं. “भाव अजून बांधावर चढून बघत्यात,” असा आता शेवट होता. मी घातलेलं एक वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, व्हरांड्यातल्या माणसांना सांगितलं जाताना ऐकणं माझ्यासाठी फार विचित्र होतं. मी कॉम्प्युटरच्या पडद्याआड तोंड लपवून बसायची.

ह्या गोष्टीवरून एकदा त्यांना बोलणीही बसली. नवे साहेब आले होते. त्यांनी केबिनमधून ऐकलं आणि सगळ्यांसमोर आक्कांना बोलावलं.

“बाई, सरकारी कार्यालयात लोकांना खोटी माहिती देता? तो पर्वत बांध नाही. जमिनीच्या थरांच्या टकरीनं तयार झालेला आहे.”

“व्हय का?” आक्का मनापासून म्हणाल्या. “बरं झालं सांगितलं. म्हंजे दोन रानं एकामेकाला धडकली.”

“हं.”

“म्हंजे भांडणच की, साहेब.”

साहेबांनी पाणी मागवलं. पाणी आक्कांनीच आणून दिलं.

तोवर मला वाटत होतं की आक्का म्हणजे गंमत. एकच गोष्ट त्यात बसत नसे, ती म्हणजे साडी. आक्का नवी साडी घ्यायच्या नाहीत. शिंदे सरांच्या मुलीच्या लग्नातही निळ्या गणवेशाच्या साडीत आल्या. काकूंनी मानाची साडी पुढे केली, तर त्यांनी वरचा नारळ आणि खण तेवढा उचलला आणि साडी परत ढिगावर ठेवली. सगळ्यांसमोर. काकूंचा चेहरा उतरला. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी ताटाकडे बघत राहिले. “गोदाक्का तऱ्हेवाईकच,” असं सगळे म्हणाले, मीही मनात म्हणाले.

त्याच सुमारास दादाचा फोन येऊ लागला. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तामलवाडीच्या शिवारात आमचं थोडं रान आहे, विहीर आहे. ते वडिलांच्या नावावर होतं, आता आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली होती. दादा वाईट नाही. मला नोकरी लागली तेव्हा भूमला खोली बघायला तोच आला होता, गॅसची शेगडी खांद्यावर घेऊन.

“एक कागद आहे, तुळजापूरला येऊन सही करून जा,” तो म्हणाला. “हक्कसोड. आईही करतेय. नुसतं नाव कमी करायचं असतं. सगळ्याच बहिणी करतात.”

“बरं,” मी म्हणाले.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्या रानात मी लहानपणी एक-दोनदा गेले असेन, पायात शाळेचे बूट घालून. बैलाला भिऊन गाडीतून उतरलेच नव्हते.

उन्हाळ्याच्या शेवटी आक्का निवृत्त झाल्या. साहेबांनी छोटा कार्यक्रम ठेवला. सगळ्यांनी मिळून भेट काय द्यायची ह्यावर चर्चा झाली आणि शेवटी नेहमीचंच ठरलं. साडी आणायचं काम माझ्याकडे आलं, मी एकटीच बाई उरत होते म्हणून. मला ती लग्नातली गोष्ट आठवत होती. सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. हिरवी, बारीक काठाची साडी घेऊन आले.

साहेबांनी भाषण केलं, शाल दिली, मग साडीचा खोका आक्कांच्या हातात ठेवला. आक्कांनी झाकण उघडलं. हिरव्या रंगाकडे बघत राहिल्या. मग साडीची घडी उचलून खाली पाहिलं, खोका उलटा करून पाहिला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं:

“सही कुठं करायची?”

सगळे खो खो हसले. साहेबही हसले. “आक्का जाता जातासुद्धा!” असं कुणीतरी म्हणालं. मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते. आक्का हसत नव्हत्या. त्या खरंच कागद शोधत होत्या, क्षणभर का होईना. मग त्यांना आपण कुठे आहोत ते उमगलं आणि त्याही सगळ्यांबरोबर हसल्या.

मी खोक्याचं झाकण त्यांच्या हातातून घेतलं.

पेढे वाटून झाल्यावर मी व्हरांड्यात गेले. आक्का बाकड्यावर बसल्या होत्या. कार्यालयात त्या बसल्या होत्या, हेच आधी नवीन. मी शेजारी बसले.

“आणायला नको होती साडी,” मी म्हणाले.

“तुझा काय दोष? रंग तेवढा तोच निघाला.” त्या खोक्यावरून हात फिरवत होत्या. “म्या ईस वर्साची व्हते. बाप वारला. आमचं रान लोहाऱ्याकडं, वढ्याच्या अंगाला हीर. भाव म्हणले, ये, सही हाय. म्हणलं, मला हिरीकडची नांगराची चार तासं द्या, जास्त न्हाय. दोघं हसले. म्हणले, येडी का काय तू? मग असलंच हिरवं लुगडं दिलं, आन् अंगठा घेतला. मला वाचता कुठं येत व्हतं? म्या लुगड्याचे काठ बघत व्हते.”

बाहेर मोजणीचा अर्ज घेऊन एक माणूस आला. आक्कांनी त्याला सवयीनं आत बोट दाखवलं.

“मालक गेल्यावर माह्याराला गेले. पोर काखंत. भावजयीनं पाव्हणीवानी पाणी आणून दिलं, तांब्यावर फुलपात्र ठिवून. म्या प्याले. तवा पयल्यांदा नीट चाखलं बघ ते पाणी. त्याच्या आधी आपलंच म्हणून निसतं पीत व्हते.”

“खारं होतं?” मी विचारलं. गोष्ट माझ्या डोक्यात इतकी पक्की बसली होती.

आक्का माझ्याकडे वळल्या.

“गोड व्हतं, पोरी. लई गोड. खारं म्या केलं, गोष्टीत. गोड ठिवलं असतं तर कोण हसलं असतं?”

मला रडू आलं नाही. मला जे झालं त्याला नाव नाही. इतक्या बांधांवर, इतक्या भावांना ह्या बाईनं ती गोष्ट सांगितली होती, आणि दर वेळी स्वतःच्या विहिरीचं पाणी स्वतःच खारं केलं होतं. मी त्यात तांबं घातलं होतं. किती उत्साहानं घातलं होतं. जिथे खऱ्या गोष्टीत काहीच निघालं नव्हतं.

“भावांना सांगितलं का कधी?” मी विचारलं.

“काय सांगायचं? त्यांनी फसवलं न्हाय. त्यांनी निसतं इचारलं न्हाय. आन् म्याबी बरं म्हणले.” त्या उठल्या. “बरं म्हणायला लई सोपं असतंय.”

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. “बुधवारी ये. आईनं तुझ्यासाठी साडी घेतलीय. कार्यक्रम म्हणजे कार्यक्रमासारखा करू.”

“कुठल्या रंगाची?” मी विचारलं.

“हिरवी असेल. का गं?”

मी फोन ठेवला. त्याला वाटलं असेल, रेंज गेली.

आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्या. त्यांची लेक सास्तूरला दिलेली आहे, तिच्याकडे. धाराशिवला जाऊन पुढची गाडी धरायची होती. मी स्टँडवर सोडायला गेले. सामान फारसं नव्हतं. एक पिशवी, साडीचा खोका, आणि सुतळीनं बांधलेली एक गुंडाळी. दारावरचा नकाशा होता तो. फुटक्या फळीसाठी मी नवं कॅलेंडर देईन, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

बाजारचा दिवस. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी लागली तशी माणसं दारावर तुटून पडली. जो तो खिडकीतून रुमाल, टॉवेल, टोपी टाकून जागा धरत होता. आक्का दाराकडे गेल्याच नाहीत. त्यांनी खोका उघडला, हिरवी साडी घडीसकट बाहेर काढली, आणि खिडकीतून आत भिरकावली. आत जाता जाता घडी सुटली आणि अख्ख्या बाकड्यावर पसरली. आतला एक माणूस त्या साडीला हात लावायलाही कचरला आणि मागे सरला.

मी आ वासून बघत राहिले. अर्धा स्टँड बघत राहिला.

“आता कामाला आली,” आक्का म्हणाल्या.

मग सावकाश, सगळी गर्दी आत गेल्यावर, त्या चढल्या आणि आपल्या साडीवर ऐसपैस बसल्या. खिडकीतून रिकामी बाटली माझ्याकडे दिली. मी नळावरून भरून आणली. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले.

“मचूळ,” त्या म्हणाल्या. “पर चालंल.”

गाडी वळली. खिडकीच्या गजातून साडीचा हिरवा पदर बाहेर आला होता, झेंड्यासारखा. तो वळणापर्यंत दिसत होता.

बुधवारी मी तुळजापूरला गेले. दस्त लिहिणाऱ्यांच्या टेबलाजवळ आई खुर्चीवर बसली होती, मांडीवर साडीचा खोका. दादानं माझ्यासाठी उसाचा रस आणून ठेवला होता. लिहिणाऱ्या काकांनी कागद फिरवून माझ्यापुढे केला. जिथे सही करायची तिथे पेन्सिलनं फुली केलेली होती. मराठी मला येत होती, मी सगळा कागद वाचला. गट नंबर होता, क्षेत्र होतं, चतुःसीमा होती. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. ‘राजीखुशीने’ असं दोनदा होतं. विहिरीबद्दल एक ओळ होती. चवीबद्दल काहीच नव्हतं.

“वाचत काय बसलीस?” दादा हसून म्हणाला. “कर की सही.”

त्यानं पेनाचं टोपण काढून दिलं. आई माझ्या हाताकडे बघत होती. तिची सही आधीच झाली होती, तिच्या बोटाला शाई लागलेली दिसत होती. माझ्या तोंडात ‘बरं’ आलं होतं. ते मला स्पष्ट जाणवलं, तोंडात धरलेल्या पाण्यासारखं.

मी पेन खाली ठेवलं.

“दादा,” मी म्हणाले, “आधी रानात जाऊ. आपल्या विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय मी सही करणार नाही.”